एक फूट म्हणजे हजार मीटर

घोटीच्या शाळेची भिंत, उंची दहा फूट.
खैरनार सरांनी हातात कागद दिला :
राज्य, शिखर, उंची.
म्हणाले, एका फुटाला हजार मीटर धरा, पेंटर,
आणि रंग राज्यागणिक वेगळा.

मी भद्रकालीतला बोर्डवाला.
जन्मभर लिहीत आलो : येथे दळण दळून मिळेल,
गेटसमोर गाडी लावू नये.
डोंगर कधी पट्टीनं आखला नव्हता.

सिक्कीमला शिडी लागली.
साडेआठ फुटांवर एक बोट,
मान अवघडेपर्यंत कांचनजुंगा.
केरळ मांडीला लागलं, गोवा गुडघ्याखाली राहिला.
उत्तर प्रदेश, ज्याची माणसं सातपूरच्या शेडशेडमध्ये भेटतात,
फूटभरसुद्धा भरला नाही.
लक्षद्वीपला नुसता ब्रश टेकवला
तर तेही जास्त झालं,
चिंधीनं थोडं पुसून घेतलं.

मग महाराष्ट्र.
दीड फूट, वर दोन बोटं.
मांडी घालून बसलो नि बसूनच रंगवला.
पोरं भोवती गोळा. एवढाच?
शेजारी राजस्थान, बोटभर उंच.
चष्मेवाला एक म्हणाला, त्यांच्याकडे तर वाळू असते ना?
मग पार कानाशी येऊन :
काका, वाढवा की थोडा. कोण मोजतंय?

खरं सांगतो, ब्रश उचलला होता मी.

तोवर व्हरांड्यात नावावरून जुंपलेली.
भांगरे बाई म्हणाल्या, कळसूबाई आमच्या अकोल्याची.
सर सटाण्याचे. निम्मी आमची, म्हणाले,
आणि साल्हेर तर अख्खा नाशिकचा,
ना वाटणी ना तंटा,
त्याचंही नाव येऊ दे खाली, बारीक अक्षरात.
पण तो दुसरा आहे, सर.
एकोणऐंशी मीटरनं, सर म्हणाले,
पोराचा पहिला नंबर हुकल्यावर बाप सांगतो तसं.

ठकूबाई खाडे फरशीवरचे थेंब पुसत होत्या.
माहेर बारी, डोंगराच्या ऐन पायाशी.
फडकं न थांबवता म्हणाल्या,
पोरवयात ताकाची कळशी घेऊन चढायचे मी,
वर येणाऱ्यांना पेल्यानं विकायचे.
कळशी भरली असली की शेवटची शिडी येतच नाही.
उतरताना रिकामी, तर डोंगर निम्मा.
तुमचं मीटर मला नाही कळत.
पण कळसू काय उंच व्हायला गेली होती व्हय वर?
भांडी घासायला लावली म्हणून गेली ती.

फडकं पिळलं. बादलीत
अर्धा देश विरघळून करडा झाला होता.
ती उचलून त्या मोरीकडे गेल्या.

मी दोन बोटं दोनच ठेवली.

दिवाळीनंतर परत गेलो, थोडे पैसे अडकले होते.
कांचनजुंगा कोरा करकरीत,
वर एक पाल, आपल्या जागी असल्यासारखी.
खालची राज्यं मात्र पार झिजलेली.
मधल्या सुट्टीत पोरं तिथंच पाठ टेकून डबे उघडतात.
गोव्यावर लोणच्याचं तेल,
बिहारवर कुणाच्या तरी बुटाची टाच,
राजस्थान आणि आपण यांच्यामधली रेघ
घासून घासून गेलेली.

सर म्हणाले, पुन्हा एक हात मारून द्या.
उकिडवा बसलो. तेव्हा दिसलं :
महाराष्ट्राच्या माथ्यावर शिसपेन्सिलीनं
कुणी चार बोटं वाढवलेली,
टोकदार, थोडी डावीकडे कललेली,
वर एवढासा झेंडा, एवढंसं देऊळ,
आणि देवळापाशी कळशी घेतलेली बाई.

मी ठकूबाईंकडे पाहिलं.
रोज पुसते मी भिंत, त्या म्हणाल्या.
तेवढं राहून जातं.