तराजूवाल्याचं म्हणणं

मी दोन गोष्टी मोजतो:
खोबरं किलोवर,
आणि इंटरनेट एमबीवर.
पहिल्याला तराजू आहे, जुना, डावीकडे झुकणारा.
त्याची खोड सगळ्या बेटाला ठाऊक, कुणी भांडत नाही.
दुसऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर बारा आकडे.
ते खरवडायला नाणं मीच ठेवलंय,
दोरीला बांधून.

तेबुआत तेव्हा सगळं आकाशातनं यायचं.
छत्तीस हजार किलोमीटर वर एक डबा टांगलेला.
प्रश्न वर जायचा, ऑकलंडला उतरायचा,
उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली,
आणि मधे एखादा ढग आडवा आला
की आपलं नशीब.
पान उघडायचं ते केतकीची चटई उलगडावी तसं:
आधी कपाळ, मग डोळे,
हनुवटी येईस्तोवर चिठ्ठी संपलेली.

नेई रोटिया दर रविवारी प्रार्थना आटोपून यायची.
तिचा बिरिमाका न्यूझीलंडात, किवीच्या मळ्यात.
किवी म्हणजे फळ, पक्षी नव्हे,
हे ती रांगेतल्या प्रत्येकाला सांगायची.
मग पडद्याला विचारायची, "जेवलास?"
आणि आम्ही सगळे थांबायचो,
ती, मी, रांग, दोरीचं नाणं.
तो गोठलेला, तोंड अर्धं उघडं.
त्या फटीत उत्तरं तीच द्यायची:
जेवला असेल.
थंडी वाजत असेल त्याला.
लाजतोय, तुम्ही सगळे ऐकताय म्हणून.
मग त्याचं "हो" यायचं, शिळं,
तोवर ती पुढच्या प्रश्नावर.
कधी तिचं हसू त्याच्याकडे पोचायचं
नेमकं तो दुखण्याचं काही सांगत असताना.
मग रुसवा. मग दोघांनी मिळून
उपग्रहाला शिव्या घालायच्या.
त्या डब्यानं किती घरं सांभाळली
याचा हिशेब कुठल्याच कंपनीकडे नाही.

मग जहाज आलं.
केबल माझ्या मनगटाहून बारीक;
पोरांनी हात लावून पाहिली, म्हणाली, एवढीच?
प्रवाळातून चर खणून ती किनाऱ्यावर ओढली,
पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला,
मंत्र्यांनी तासभर भाषण.
"आता उशीर नाही" हे वाक्य सात वेळा.
मी मोजलं. मोजणं हाच माझा धंदा.

खरंच, उशीर नाही.
पण पानं फुगली.
दवाखान्याचं वेळापत्रक, अवघ्या चार ओळी,
पूर्वी रिकाम्या करवंटीएवढं हलकं.
आता त्यात हसरी नर्स, फिरणारी चित्रं,
"काही मदत हवी?" म्हणत टुणकन उडी मारणारा चौकोन,
आणि कुठल्या कुठल्या दुकानांचे हेर.
खाडी खोल झाली
म्हणून होडीत दगड भरायचे?
नेई रोटियाचा फोन तोच, तडकलेल्या काचेचा,
बिरिमाकानं पहिल्या हंगामाच्या पैशांतनं पाठवलेला.
तापतो, धापा टाकतो.
दवाखाना सोमवारी की बुधवारी,
ते ती अजून मलाच विचारते.

रांग मोडली. नाणं नुसतं लटकतं.
ती घरूनच बोलते हल्ली.
परवाच्या रविवारी मात्र आली,
फोन माझ्यापुढे धरला:
"तराजूवाल्या, बघ रे, बिघडलाय का?"
चित्र लख्ख. बिरिमाकाच्या मागे भिंतीवर घड्याळ,
त्याचा सेकंदकाटासुद्धा दिसत होता.
"परत कधी येणार, ते विचारलंय," ती म्हणाली.
तो पापण्या मिटत होता, उघडत होता.
काटा सरकत होता.
अकरा सेकंद.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
आयुष्यभर डावीकडे झुकणाऱ्या तराजूचा माणूस मी.
"लाइन," म्हणालो, "आज लाइनच खराब आहे."
तिनं मान हलवली. नजर त्या घड्याळावर.
"हो," म्हणाली,
"आभाळच तसं आहे."