मोकळं किती

रात्री पावणेबाराला गायधनी मॅडमचा फोन :
"सर्व्हर भरला. दोनशे एमबी उरलेत फक्त."
आवाज असा, जणू दुतोंड्या मारुतीच्या
छातीला पाणी लागलंय.

अंबडमध्ये शिफ्ट सुटत होती.
डबा बाजूला सारून काळ्या पडद्यावर टाइप केलं :
फ्री, एक जागा, आडवी रेघ, एच.
एच म्हणजे माणसाला कळेल असं.
बाकी सगळं यंत्राला कळेल असंच असतं.

एकूण सोळा जीबी.
मोकळं : दोनशे एमबी. बाई खोटं बोलत नव्हत्या.
पण शेवटचा रकाना वाचा ना, मॅडम,
उपलब्ध : साडेसात जीबी.
"मग मधलं खाल्लं कुणी?"

कसं सांगावं.
बुधवारी गोदाकाठ बघा :
पायरी दिसत नाही. मेथी, वाटाणा, जुने नटबोल्ट,
चाळीस रुपयांत चष्मा.
भरलाय ना घाट? भरलाय.
पण धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा होऊ दे,
ताडपत्री चारी टोकांनी उचलली जाते,
अर्ध्या तासात दगड उघडे.
कॅश म्हणजे तेवढंच, मॅडम.
रिकामी जागा पडून कशाला राहील,
म्हणून मांडलेला बाजार.

"म्हणजे झोपू मी?"
झोपा म्हणालो.

मग सवयीनं टॉप लावला, कॅपिटल एम दाबलं.
सगळ्यात जास्त धरून बसलेला वर आला :
रोहिदास पगारे.

तीन वर्षं झाली त्याला नोकरी सोडून.
चाकणला असतो म्हणे.
त्याच्या नावानं एक स्क्रिप्ट
दर सेकंदाला चार नंबरच्या प्रेसला विचारते,
आहेस का?
चार नंबर कधीच भंगारात गेली,
तिच्या जागी पाण्याचा कूलर आहे.
उत्तर येत नाही, तशी नोंद होते,
फाईलीत नाही, पोटातच,
ओळीखाली ओळ,
चार जीबी.

बोट नऊवर गेलं होतं.
वजा नऊ म्हणजे विचारणं नाही, सांगणं नाही.
मागे घेतलं.
साधं किल दिलं. आवरून घे,
लिहायचं राहिलं असेल ते लिही.

अकरा सेकंद घेतले तिनं.
मी मोजले.
पगारेच्या फोल्डरात एक फाईल उगवली,
तिची शेवटची ओळ तेवढी पाहिली :
अकरा अठ्ठावन्न, चार नंबर, उत्तर नाही.

डबा उघडला.
पोळ्यांना वाफेचं पाणी सुटलं होतं.