बसप्पाचे अंश

वडगावात मध्यरात्री माग एकदम गप्प झाले,
तेव्हा कळलं, करंट गेला.
तसाच उठून काचेच्या पेटीशी गेलो.

पोरगा धारवाडला जाताना वहीत लिहून गेलाय:
उजवीकडं बत्तीस, डावीकडं सव्वीस.
हीटरला जाळी पाहिजेच, तो चिकटून बसतो,
भाजलेलं त्याला लवकर कळत नाही.

आफ्रिकेचा अजगर, कागदपत्रं रीतसर.
दिवसभर बसून असतो म्हणून गल्लीनं नाव ठेवलं बसप्पा.
शेजारचा ईरण्णा अजून उंबऱ्याबाहेरूनच विचारतो,
"हावु मलगेदेनु?"
मलगेद, म्हणतो मी. सदा मलगेद.

डिसेंबर. काटा तिसावर, मग अठ्ठावीस.
विजेच्या ऑफिसातला फोनवर, "बर्तद री, बर्तद."
सव्वीस.
सगळी पेटीच डावी झाली.

गॅसवर पाणी ठेवलं,
यमुनेची रबरी पिशवी भरली,
शहापुरी लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून आत सारली.
तो हलला. इतका हळू,
की मीच हललो असं वाटलं.

मागून आवाज:
"माझ्या गुडघ्यांना कधी काटा लावून बघितलाय?"

घरात पिशवी एकच.
सोड्याची जुनी बाटली शोधली, विसळली,
भरली, बूच दाबलं,
उरलेली चिंधी तिला गुंडाळली.

तीन चाळीसला माग पुन्हा धडधडले.
वहीत लिहिलं: उजवीकडं एकोणतीस, चढतंय.
जरा थांबून त्याच्याखाली:
गुडघे बरे आहेत म्हणाली.
खरं वाटत नाही.