वर या

दादानं बोटीवरून आणलेल्या वस्तूंत
एक क्रियापद होतं.
टॉर्च पुतण्यानं घेतला, साबण वहिनीनं,
चॉकलेटं वितळून मुंग्यांना गेली.
क्रियापद कुणी मागितलं नाही.
ते पाच वर्षं त्याच्यापाशीच राहिलं.

त्या ऑगस्टात सांगलवाडीच्या आमच्या गच्चीवर
अकरा माणसं, दोन शेळ्या, एक शेगडी.
तेव्हा त्यानं ते बाहेर काढलं.
साका.
सेबूकडचा रोनेल त्याच्याबरोबर इंजिनरूमला होता.
त्यांच्यात चढण्याला साका म्हणतात.
माडावर चढा, डोंगर चढा,
तांदळाचा भाव चढला तरी साकाच.

"मग आपल्यासारखंच की," मी म्हटलं.
मी मार्केट यार्डात अडतीच्या दुकानी हिशेब लिहिते.
राजापुरी हळद चढली
की आधी खडूला कळतं, मग मला, मग शेठना.

वेळच वेळ होता. मोजत बसलो.
ताप चढतो, पारा चढतो, सूज चढते.
भांड्याला कल्हई चढते आणि लोखंडाला गंज,
दोघांना एकच शब्द,
भाषेला काही वाटत नाही.
माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात,
जे गुडघ्याएवढंही नसतं.
"नवरा बोहल्यावर चढतो, चोर सुळावर,"
आप्पा म्हणाले, आणि आईकडे बघून गप्प झाले.
खाली पाणी आमच्याच जिन्यानं येत होतं,
पायरीपायरीनं, पाहुण्यासारखं.
ते आम्ही यादीत घेतलं नाही.

"आणि कोर्टाची पायरी," वहिनी म्हणाली.
मग सगळेच शेजारच्या कौलांकडे बघायला लागले.

चौगुले.
नऊ इंचांची भिंत, अकरा वर्षं,
तीन वकील, त्यातला एक वारलेला.
त्यांच्या घराला गच्ची नाही.
आढ्यावर श्रीमंधर चौगुले, त्यांची बायको,
पोटाशी घट्ट धरलेली एक प्लास्टिकची पिशवी.
पाणी वळचणीला लागलेलं.
आप्पांनी पाठ फिरवून शेळीच्या गळ्यातली दोरी सोडली,
पुन्हा बांधली.

दादा बोलला, तेही पाण्याकडे बघत:
"रोनेलच्या आज्याचं घर खांबांवर होतं.
खालून बांबूची शिडी.
पाहुणा आला की म्हातारा वरूनच ओरडायचा, साका, साका.
चढ, म्हणजे आत ये.
आत येण्याला त्याच्याकडं दुसरा शब्दच नव्हता."

आई गुडघा धरून उठली.
"त्यात काय एवढं? आपण बी तेच म्हणतो.
ओट्याला एक पायरी असू दे नाहीतर नसू दे,
वर या म्हणतो."
कठड्याला टेकली, आणि अकरा वर्षं
बंद ठेवलेल्या आवाजात हाक मारली,
"अवो अक्का, वर या."

शिडी तिरकी टाकली, तिचा साकव झाला.
साका, साकव, दादाला हसू आवरेना,
हसता हसता त्यानं एक टोक अंगाखाली दाबून धरलं.
दुसरं टोक कौलं फोडत रुतलं.
ते दोघं चढले असं म्हणता येणार नाही.
रांगत आले, डोळे मिटून.
मधे कुठंतरी पाण्याच्या तळाशी ती भिंत होती.

पिशवीत दागिने असतील असं मला वाटलं होतं.
केसचे कागद निघाले.
आईनं ते शेगडीच्या उबेला पसरले,
आमच्या कागदांच्या शेजारी.

पाणी सहाव्या दिवशी उतरलं.
उतरण्याला तिकडं काय म्हणतात
हे दादानं रोनेलला कधी विचारलं नव्हतं.

केस चालूच आहे. पुढची तारीख सोळा.
आता दोघं एकाच रिक्षानं जातात, भाडं अर्धं अर्धं.
कोर्टाचा जिना चढताना चौगुल्यांना दम लागतो.
आप्पा चार पायऱ्या वर जाऊन थांबतात,
बोलत काही नाहीत,
चष्मा पुसत राहतात.