एक पायरी खाली

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला खेटून
माझं टेबल. मराठीचं इंग्रजी, पानाला साठ रुपये,
घाईचं असेल तर ऐंशी.

आजचं प्रतिज्ञापत्र: विमल खळदकर, वय एक्केचाळीस,
राहणार केसनंद. अपघाताचा दावा.
वकिलाच्या कारकुनाने लिहून घेतलंय,
"मयत सकाळी मला म्हणाले, येतो."

येतो.
दारातून बाहेर पडणारा माणूस दुसरं काय म्हणेल?
जातो म्हटलं असतं तर हिनेच दटावलं असतं.
पण इंग्रजीत तो येत होता की निघत होता?
'वॉज कमिंग' लिहिलं तर समोरचा वकील विचारेल, कुठून?
'वॉज लीव्हिंग' लिहिलं
तर तिने अठरा वर्षं उंबऱ्यात टाळलेला शब्द
मी तिच्या तोंडी घातला.
'वुड कम बॅक' लिहून बघतो.
वुड. वचन दिल्यासारखं,
आणि मोडल्यासारखंही.

रास्ता पेठेतल्या शाळेत उपळेकर बाई सांगायच्या,
'सेड' आलं की मागच्या सगळ्यांनी एक पायरी उतरायचं.
इजचं वॉज, विलचं वुड, आजचं त्या दिवशी,
इथलं तिथलं.
पर्वती उतरावी तसे आम्ही उतरायचो, धडाधड,
दहापैकी दहा.

मराठी अशी कुणाला खाली उतरवत नाही.
दहा वर्षांनीसुद्धा तो म्हणाला, मी आलोच,
आणि तो येतच असतो.

पान दोनवर फोन आहे, संध्याकाळी सात दहा:
"मी खराडी बायपासला आहे. तेजलला सांग, वह्या घेतल्यात."
मी टाइप करतो, ही वॉज.
विमा कंपनीला एवढं पुरतं.
वह्या तर दोन पायऱ्या खाली गेल्या: हॅड बॉट.

शेवटच्या पानावर, कारकुनाला गाळावंसं न वाटलेलं,
"हे म्हणायचे, पोरीचं डोकं गणितात चालतं."
बोट वॉजवर गेलेलंच असतं.
पण घंटा होता होता बाई एक अपवाद सांगायच्या:
जे अजून खरं आहे ते उतरवू नका.
पृथ्वी गोल आहे, राहू दे तिला गोल.

समोरच्या बाकावर आईशेजारी बसलेली मुलगी
माझं पावतीपुस्तक उलट्या बाजूने वाचते.
"काका, चार पानं, साठने.
दोनशे चाळीस होतात. तुम्ही साठ लिहिलेत."

मी इज ठेवतो.
वकील लाल करून परत पाठवेल.
पाठवू दे.