इथेथांबूनये

ओपीडीच्या भिंतीवर पेंटरनं जागा न सोडता
लिहून ठेवलंय: इथेथांबूनये.
मन्मथअप्पा कोरे दर तीन महिन्यांनी
उदगीरहून अंबाजोगाईला येतात, वाचतात, विचारतात,
"मॅडम, इथं थांबू नये, का इथं थांबून ये?"
मी नळीवर त्यांचं नाव लिहिते. दंडाला पट्टा बांधते.

ऑफसेट येईपर्यंत अप्पा खिळे जुळवायचे.
उलटं अक्षर सुलटं वाचायची सवय अजून डोळ्यांत.
एका लग्नपत्रिकेत ऊकाराचा खिळा गळाला
आणि वधूच्या जागी छापलं गेलं, वध.
तीनशे पत्रिका परत, हळदीच्या बोटांसकट.

म्हणून अप्पांना सांगणं सोपं गेलं:
तुमच्या यकृतात एक छापखाना चालू आहे,
रात्रपाळीसकट, आणि मुद्रितशोधक ठेवलेला नाही.
चुका बहुतेक रद्दीत जातात.
एखादी मात्र अशी निघते
की गोळीला आपलं कुलूपच ओळखू येत नाही.
जुनी गोळी चार वर्षं चालली.
मग माझ्या कागदावर एकेक शून्य वाढत गेलं.
नवी गोळी लागू पडली आहे. शून्यं उतरतायत.

पण अप्पा गोळीचं विचारत नाहीत.
शिवगंगाला मुलगा झालाय, वीस दिवसांचा.
जन्मल्या दिवशीच मांडीत लस.
"लस म्हंजे पोराला दाखवून ठेवलेला फोटोच ना?
मग ह्यानं तोंड बदललं तर?"

तीच अक्षरं, अप्पा, दोनदा वाचली जातात.
एका वाचनात त्याचं यंत्र, दुसऱ्यात त्याचं तोंड.
गोळी चुकवायला यंत्रात एक अक्षर हललं
तर कधी तोंडाचीही एक रेघ हलते.
क्वचित. फार क्वचित.
लस पुरते, जवळजवळ सगळ्यांना पुरते.

"जवळजवळ," अप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे बघितलं.
"हेच की मग, मॅडम."

उचलून घेतल्यानं लागत नाही, मी म्हटलं.
पापा घेतल्यानंही नाही.
ते कापसाचा बोळा कोपरात दाबत उभे राहिले,
आणखी काही विचारायचं असल्यासारखे.

संध्याकाळी नमुने पुण्याच्या डब्यात भरून निघाले
तेव्हा दिसलं: भिंतीवर, थांबून आणि ये यांच्यामध्ये,
पेन्सिलीची बारीक उभी रेघ,
समासात जागा सोडण्याची खूण.

सोमवारी भिंत रंगवणार आहेत.
पेंटर नवा आहे.
जुन्यावरून बघून लिहील.