बोट उचलल्यानंतर

सकाळी सातला हानुसचा फोन:
"बाइंता, मेंढ्यांचा ट्रक सुटत नाहीये."

खरा ट्रक धक्क्यावर रांगेत उभा होता, आतून बें बें.
सुटत नव्हता तो पडद्यावरचा,
मी काढलेल्या डेकवरचा तपकिरी चौकोन.
बाणाला चिकटून बसलेला,
बाण जाईल तिकडे मागोमाग.
"दोन्ही हात वर केलेत मी," तो म्हणाला,
"तरी येतोय."

धरणं, ओढणं, सोडणं.
तीनच तर गोष्टी लिहिल्या होत्या मी.
दाबलं, की चौकोनाचा कोपरा आणि बाण
यांतलं अंतर टिपून ठेवायचं;
नाहीतर धरल्याबरोबर चौकोन उडी मारतो,
गाढ झोपेतल्याच्या खांद्याला हात लावावा तसा.
हललं, की हलवायचं.
सुटलं, की ठेवायचं.
तोर्शाउनमधल्या माझ्या टेबलावर
शंभरदा चाललं होतं सगळं.

पण माझ्या टेबलावर मी हळू ओढते
आणि खिडकीच्या आतच सोडते.
हानुस फेकतो.
चाळीस वर्षं दोर फेकलेला हात तो,
चौकोनही तसाच भिरकावतो.
चौकोन मागे राहतो, बाण पुढे,
पुढे, पानाच्या काठापलीकडे,
आणि तिथे, जिथे माझं काहीच लिहिलेलं नाही,
तो बोट उचलतो.

पान बिचारं वाट बघत बसतं.
त्याच्या लेखी अजून धरलेलंच आहे.
हानुसचं बोट मोकळं,
हानुसची बोट अडकलेली.

मी म्हटलं, "पुन्हा दाब आणि सोड, सुटेल."
सुटला. सव्वासातला मेंढ्या चढल्या.
मग त्यानेच विचारलं, "तू ऐकतेस कुठून?"
"म्हणजे?"
"दोर सोडला की आम्ही ओरडतो.
ऐकणारा दोराच्या गाठीशी बसला असेल
तर वाऱ्यात त्याला काय कळणार?
त्याने उंच उभं राहायचं,
जिथून अख्खा धक्का ऐकू येतो."

मी चौकोनाला कान लावले होते.
चौकोनालाच फक्त.

दुपारभर ते कान काढले,
अख्ख्या दस्तऐवजाला लावले, तेही धरल्यानंतरच,
आणि सुटल्यावर आठवणीने उतरवले;
नाहीतर प्रत्येक ओढीला एक नवा कान उगवतो
आणि एकच ट्रक सात वेळा उतरतो.
तरीही कोणी पार पलीकडेच सोडलं तर?
तर परतल्यावर, पहिल्याच हालचालीला विचारायचं:
बटण अजून दाबलेलं आहे का?
नसेल, तर जे आधीच सुटलंय
ते सुटलं असं मानायचं.
ही ओळ लिहायला मला फार वेळ लागला.
ओळ तशी छोटीच आहे.

संध्याकाळी नोंदी चाळत होते.
चौकोनावर नुसतं टिचकायचं होतं त्याला,
गाडीचा नंबर बघायला, ओढायचं नव्हतंच.
आणि आडव्या अक्षावर, एका सेकंदात:
४१२, ४१३, ४११,
४१४, ४१०,
४१२, ४१५, ४१२.

मी खुर्चीत मागे टेकले.
दुसऱ्या दिवसाच्या नोंदी. तिसऱ्या.
सकाळी कमी, चारनंतर जास्त.
म्हणून त्याच्या गाड्या जागच्या हलायच्या,
आणि तो म्हणायचा, तुझ्या पानाला लाटा लागतात.

सहा पिक्सेल.
सहा पिक्सेलच्या आत जे हलेल
त्याला ओढणं म्हणायचं नाही.
बदलांच्या यादीत मी लिहिलं:
"किरकोळ सुधारणा."
का, ते लिहिलं नाही.

सोमवारी फोन आला. बाहेर वारा इतका
की अर्धं बोलणं उडून जात होतं.
"बाइंता, काय केलंस?
आज समुद्र शांत आहे पानात."
"दोराचं ऐकलं तुझं," मी म्हटलं.
"मग," तो म्हणाला, "मी सांगतच होतो,"
आणि फोन ठेवला.

ठेवताना दोनदा खडखडला,
मग सुटला.